सोफ्याची डावी बाजू

सोफेवाल्याचं खरं नाव गल्लीत कुणाला विचाराल तर समोरचा डोकं खाजवेल. दुकानाच्या पाटीवरही नाव नाही. नुसता एक लाल सोफा रंगवलाय, आणि तोही असा तिरका की त्यावर बसणारा घसरून पडेल. पण माणूस कामाला चोख. स्प्रिंग बसलेली असो, फोम दबलेला असो, मांजरानं कापड ओरबाडलेलं असो, ह्यानं हात लावला की सोफा नवा. बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. गिऱ्हाईक दहा मिनिटं घसा कोरडा करायचं आणि हा म्हणायचा, "गुरुवारी न्या." प्रेम असो, राग असो, काळजी असो, ह्याच्या हातांतून बाहेर पडायची, तोंडातून नाही. बायको रुसली की तिची समजूत काढायची सोडून हा तिच्या खुर्चीची गादी नवी करून द्यायचा. वीस वर्षांच्या संसारात त्या खुर्चीची गादी अकरा वेळा बदलली होती, ह्यावरून काय ते समजा.

दुकानाच्या वरच घर. पुढे बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक छोटी खोली. त्या मागच्या खोलीत दादा राहायचा. दादा म्हणजे सोफेवाल्याचा थोरला भाऊ. अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा सोफेवाला नऊ वर्षांचा होता आणि दादा वीस वर्षांचा, बसवर क्लीनर. मग दादा ड्रायव्हर झाला आणि त्यानंच ह्या पोराला वाढवलं. वह्या-पुस्तकं, ताप-खोकला, पहिलं शिलाई मशीन, दुकानाचं डिपॉझिट, सगळं बसच्या स्टिअरिंगमधून आलेलं. ह्या सगळ्या धावपळीत दादाचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. तो धाकट्याला "छोट्या" म्हणायचा आणि त्याच्या बायकोला "छोटी". छोट्या आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि पोट त्याच्या आधी दारातून आत यायचं, तरी छोट्याच.

दादाच्या डोळ्यांत दाब वाढत होता आणि हा पठ्ठ्या "चष्म्याचा नंबर बदलला असेल" म्हणत राहिला. आधी गाडी सुटली, मग वाचणं सुटलं, मग एका वर्षात उरलेला उजेडही गेला. आयुष्यभर साठ माणसांना घाटातून सुखरूप उतरवणारा माणूस घरात मीठ कुठल्या बरणीत आहे ते विचारायला लागला. त्याला ते फार लागलं. तो मागच्या खोलीतून बाहेर येईनासा झाला. जेवणाचं ताट आत मागवायचा. शेजारच्या मास्तरांकडून त्यानं गुपचूप एक अर्ज भरून घेतला. दोन तासांच्या अंतरावर अंधांसाठी एक निवास होता. तिथे पांढऱ्या काठीनं चालायला शिकवत, राहायला खोली देत, पण खोल्या थोड्या आणि यादी लांब. अर्ज टपालात पडल्यावर त्यानं भावाला सांगितलं, "छोट्या, माझा नंबर लागला की मी तिकडे जाईन. तुमच्या दोघांच्या गळ्यात किती दिवस पडून राहू?"

दादा जाणार, ही कल्पनाच सोफेवाल्याला सहन होईना. आणि तोंडातून काय निघालं? "बरं."

आता ह्या "बरं"ला काय म्हणावं! त्याची बायको रात्रभर त्याच्यावर धुसफुसली. "अहो, 'जाऊ नको' म्हणायला तोंडाला शिवण घातलीय का?" पण तो बोलेल तर शपथ. दादाला इथं राहावंसं वाटलं पाहिजे, असं काहीतरी करायचं, एवढंच त्यानं मनाशी धरलं. काय करायचं ते मात्र त्याला कळत नव्हतं.

ते त्याला कळलं एका सिनेमा थिएटरात, आणि तेही खुर्चीखाली. थिएटरवाल्यानं दीडशे फाटक्या खुर्च्या दुरुस्तीला दिल्या होत्या, आणि कंजूस एवढा की दुपारचा खेळ बंद ठेवायला तयार नाही. पुढच्या बाजूला वीस-पंचवीस माणसं सिनेमा बघतायत आणि मागच्या रांगेत सोफेवाला कपाळाला बॅटरी बांधून खुर्चीखाली उताणा झोपलाय. पडदा दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त खुर्चीचं बूड. आणि तरीही त्याला सगळं कळत होतं. डावीकडून घोडा आला, डोक्यावरून पाखरांचा थवा गेला, मागे कुणीतरी दार लोटलं. एकदा तर तो "कोण आहे?" म्हणून उठायला गेला आणि खुर्चीवर डोकं आपटलं. टेंगूळ चोळता चोळता त्याच्या मनात आलं, मला दिसत नाही तरी दिसतंय. मग दादाला का नाही दिसणार?

झालं. डोक्यात किडा शिरला.

घरी टीव्ही होता, पण त्याचा आवाज म्हणजे डब्यात माशा कोंडल्यासारखा. थिएटरसारखा आवाज घरी आणायचा तर दुकानात जो तयार संच मिळतो, त्याची किंमत ऐकून सोफेवाला विक्रेत्याला "थांबा, मला आधी बसू द्या" म्हणाला. मग तो गेला रेडिओकाकांकडे. हे काका बाजाराच्या टोकाला एका कपाटाएवढ्या दुकानात जुनी यंत्रं दुरुस्त करत बसत. त्यांच्या दुकानात यंत्रं जास्त आणि जागा कमी, त्यामुळे गिऱ्हाईकानं बाहेर उभं राहून बोलायचं अशी पद्धत होती.

काका म्हणाले, "एकदम घेऊ नकोस. एक एक घे. आधी अ‍ॅम्प्लिफायर, ते म्हणजे घराचं जोतं. मग पुढचे दोन स्पीकर. मग मधला, बोलणं त्यातून येतं. मग मागचे दोन. आणि सगळ्यात शेवटी वूफर. लोक उलटं करतात. आधी धडधडणारा वूफर घेतात आणि मग म्हणतात, बोललेलं कळत नाही."

"किती दिवस लागतील?"

"तुझ्या खिशाला विचार."

खिशानं सांगितलं, दोन वर्षं. सोफेवाला म्हणाला, "बरं." निवासाच्या यादीत दादाचा नंबर खूप मागे होता. तेवढ्या वेळात होईल असा त्याचा हिशोब होता.

अ‍ॅम्प्लिफायर मिळाला तो कुणीतरी टाकून दिलेला. पाच स्पीकर लावायची सोय, पण त्यातली मधल्या स्पीकरची जोडणी मेलेली. काकांनी तो स्वस्तात दिला, वर डिस्क लावायचं जुनं यंत्र फुकट दिलं, आणि "मधलं तोंड सावकाश बोलतं करू" असं आश्वासन दिलं. पुढच्या दोन स्पीकरच्या नुसत्या आतल्या आवाजाच्या वाट्या आणल्या, कुठल्यातरी जुन्या संचातून काढलेल्या. पेट्या सोफेवाल्यानं स्वतः केल्या. प्लायवूडचे तुकडे दुकानात पडलेलेच असायचे. सांधे असे बसवले की मुंगीला आत जायला वाट नाही. समोर सोफ्याचंच राखाडी कापड ताणून लावलं. आणि मग स्वभावाप्रमाणे आत खच्चून फोम भरला. माणूस शेवटी गादीवाला! जिथं पोकळी दिसली तिथं भरलं. लावून बघितलं तर सिनेमातली माणसं गोधडीत तोंड घालून बोलत होती.

बायको हसून हसून बेजार. "अहो, त्यांना श्वास तरी घेऊ द्या!"

काकांनी शिव्या घातल्या, फोम काढायला लावला, आत नुसता कापसाचा पातळ थर ठेवायला सांगितला. आवाज मोकळा झाला. त्या दिवशी मागच्या खोलीचं दार जरासं उघडलं. दादा उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "हा आवाज ह्या ट्रकचा नाही. ट्रक दाखवला असेल मोठा, पण इंजिन छोट्या टेम्पोचं चिकटवलंय." आणि आत गेला. पाच मिनिटं! सोफेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी दुकानात तो एका गिऱ्हाइकाशी चक्क हवापाण्यावर बोलला. गिऱ्हाईक घाबरलं.

पैसे साठायचे ते अगदी थेंब थेंब करून. हा दुपारचा चहा सोडायचा, उरलेल्या कापडाच्या उशा शिवून विकायचा. चार महिन्यांनी काकांनी अ‍ॅम्प्लिफायरचं मधलं तोंड बोलतं केलं, आणि मधल्या स्पीकरचे पैसे बायकोनं दिले. स्वतःच्या डब्यातून काढून, टेबलावर आपटून. "घ्या. पण एक सांगते, घर आहे का गोदाम? चालायला जागा उरली नाही. ज्याला त्याला पाय अडकतोय." बोलणं तिखट, पण पैसे तिचे. ही बाई अशीच. तिची माया कळायला आधी तिखट सोसावं लागतं.

मधला स्पीकर लागला आणि बोलणं कसं स्वच्छ यायला लागलं. कुजबुज, उसासा, घशात अडकलेला हुंदका, सगळं. दादा बाहेर आला, खुर्चीत बसला आणि पूर्ण सिनेमा ऐकून उठला. मग दर रविवारी दुपारी यायला लागला. चहा तिथंच प्यायला लागला. मग जेवण. खोलीतून बाहेर येताना तो भिंतीला हात न लावता सरळ यायचा, चौदा पावलं, आणि खुर्चीच्या पाठीवर अचूक हात ठेवायचा. सिनेमातल्या ड्रायव्हरांच्या चुका काढायचा. "गधड्या, घाटात कुणी एवढं रेस करतं का?" बायको हसायची. सोफेवाला काही बोलायचा नाही, पण त्याच्या मानेपर्यंत आनंद आलेला असायचा. अजून मागचे दोन लागले की बास, त्याला वाटायचं. मग दादा कुठंच जात नाही.

मागचे दोन स्पीकर ठेवायचे कुठे? खोली एवढीशी. त्यानं युक्ती काढली. घरातला जुना सोफा उलगडून नवा बांधला, आणि त्याच्या पाठीच्या दोन्ही टोकांना दोन छोट्या पेट्या अशा बसवल्या की सोफ्याचेच कान वाटावेत. वायरी पाठीच्या आतून नेल्या. सात महिने लागले, कारण गिऱ्हाइकांचे सोफे आधी आणि आपला नंतर. पण काम असं देखणं झालं की रेडिओकाका दुकान बंद करून बघायला आले. वायरींना त्यानं कापडाच्या पट्ट्या शिवल्या होत्या, एकीवर "डावा", एकीवर "उजवा". सगळं शिस्तीत.

पहिल्या रविवारी दादाला सोफ्यावर मधोमध बसवलं. सिनेमा असा निवडला की ज्यात एक बस घाटातून पळतेय आणि मागे दोन जीप. बस पडद्याच्या डावीकडून सुसाट आली आणि सगळ्यांच्या मागे निघून गेली.

"अगंबाई, मागे गेली!" बायकोनं खरोखर मान वळवून बघितलं.

सोफेवाला दादाच्या तोंडाकडे बघत होता. दादानं सोफ्याची कड घट्ट धरली होती. बोटं पांढरी झाली होती. सिनेमा अर्धा झाल्यावर तो उठला. "छान आहे," म्हणाला. "खूप मेहनत घेतलीस." आणि खोलीत गेला.

पुढच्या रविवारी तो उशिरा आला आणि लवकर उठला. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हणाला. मग ताट पुन्हा मागच्या खोलीत जायला लागलं. आणि सोफेवाल्यानं एक दिवस बघितलं, दादा मोरीकडे जाताना भिंतीला हात लावून चालतोय. आधी चौदा पावलं सरळ येणारा माणूस आता चाचपडत, थांबत, भिंतीला धरून.

"त्यांना विचारा तरी काय झालं ते," बायको म्हणाली.

"काय विचारू?" सोफेवाला म्हणाला. "अजून वूफर राहिलाय. त्याच्याशिवाय जमत नसेल."

बघा, म्हणजे पुन्हा तेच. दोन शब्द बोलायचे सोडून हा आणखी एक डबा करायला बसला. तीन महिने घासाघीस करून वूफर आणला, त्याला पाय लावले, कापड लावलं. सुरू केला तर मांडणीवरची पातेली नाचायला लागली आणि खालच्या मजल्यावर उसवून ठेवलेल्या सोफ्यातून धूळ उडाली. दादा पाच मिनिटं बसला. "छान आहे," म्हणाला. दादाचं हे "छान आहे" म्हणजे बसमध्ये जागा नसताना "पुढच्या गाडीनं या" म्हणतात तसं होतं, गोड आणि दार बंद करणारं.

आणि त्याच मंगळवारी निवासाचं पत्र आलं. खोली रिकामी झाली आहे, आठ दिवसांत हजर व्हावं, एक महिना काठीचं शिक्षण, पुढे कायमचं राहता येईल, न आल्यास जागा यादीतल्या पुढच्याला. बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पत्र टेबलावर आपटलं. दादा म्हणाला, "सोमवारी निघू." सोफेवाला म्हणाला, "बरं."

दोन वर्षांत सहा डबे झाले होते आणि दादा चालला होता.

शनिवारी दुपारी सोफेवाला मागच्या खोलीत दादाच्या पिशवीला नवा पट्टा शिवत बसला होता. जुना पट्टा चांगला होता, पण हाताला काहीतरी काम हवं ना. दादा पलंगावर बसला होता. सुईचा दोरा कापडातून जातानाचा आवाज त्यानं थोडा वेळ ऐकला आणि मग म्हणाला,

"छोट्या, एक सांगतो. मनाला लावून घेऊ नकोस. तू एवढं सगळं केलंस आणि मी आत येऊन बसतो, तुला वाटत असेल दादाला किंमत नाही. तसं नाही रे. माझीच दिशा गेली."

"म्हणजे?"

"डोळे गेले तेव्हा म्हटलं, ठीक आहे, कान आहेत. कानांवर मी घरभर फिरत होतो. पण आता कानही फसवायला लागलेत. ती घाटातली बस आठवते? डावीकडून येते. माझ्या डाव्या खांद्याजवळून मागे जायला हवी. सत्तावीस वर्षं गाड्या ओव्हरटेक केल्यात मी, मला कळत नाही का कुठून जाते ते? पण ती छातीत घुसते आणि उजव्या खांद्यामागून निघते. प्रत्येक गाडी. माणूससुद्धा डावीकडून चालत मागे जातो आणि पाऊल उजवीकडे वाजतं. तुम्ही दोघं म्हणता मस्त. म्हणजे बिघाड माझ्या डोक्यात आहे. तेव्हापासून मला घरातही भरवसा वाटत नाही. पाण्याची कळशी डावीकडे ऐकू येते, पण वाटतं, असेल का डावीकडे? अशा माणसानं शिकवणाऱ्यांकडेच गेलेलं बरं."

सोफेवाल्याचा हात थांबला. सुई कापडात अर्धी.

"उजवीकडून निघते? रोज?"

"रोज."

तो उठला, पिशवी तशीच टाकली आणि पुढच्या खोलीत गेला. सोफ्यासमोर उभा राहिला. डाव्या हाताच्या टोकाला जो स्पीकर होता, त्याची वायर ओढून पट्टी बघितली. "डावा". बरोबर. मग तो वळला आणि सोफ्यावर बसला. बसल्यावर तो "डावा" त्याच्या उजव्या कानाशी होता. पुन्हा उठला, समोर उभा राहिला. डावीकडे. पुन्हा बसला. उजवीकडे. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला वाटलं, ह्यांना काहीतरी झालं.

"अहो, काय चाललंय? उठाबशा का काढताय?"

सोफेवाल्यानं कपाळावर हात मारला. त्याच्या धंद्यात सोफ्याची डावी बाजू म्हणजे समोर उभं राहून बघणाऱ्याची डावी. माप तसंच घेतात, कापड तसंच कापतात, गिऱ्हाइकाशी बोलतातही तसंच. हाताला ती सवय इतकी की विचारच नाही केला. पुढचे स्पीकर लावताना तो स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा होता, ते बरोबर लागले. मागचे मात्र सोफ्याचे म्हणून लावले, ते उलटे. डोळसांना कळलंच नाही, कारण त्यांचे डोळे पडद्यावर आणि कान डोळ्यांच्या मागे फरफटत. कळलं ते एकट्या दादाला, आणि तो बिचारा स्वतःलाच दोष देत राहिला.

"तीस वर्षं मी समोर उभं राहून सोफे बघितले," सोफेवाला म्हणाला. "बसणाऱ्याच्या बाजूनं एकदाही बघितला नाही."

त्यानं वायरी काढल्या, उलट लावल्या. चार टोकं, दोन मिनिटांचं काम. डिस्क घातली. "दादा, ये," अशी हाक मारली. दादा भिंतीला धरत आला. सोफेवाल्यानं त्याचा हात धरून मधोमध बसवलं, आणि घाटातली बस सुरू केली.

बस डावीकडून आली, गुरगुरत जवळ आली आणि दादाच्या डाव्या खांद्याला घासून मागे गेली. पाठोपाठ जीप. दादाचं डोकं त्यांच्याबरोबर डावीकडे वळत गेलं.

"परत लाव."

परत लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा बस गेल्यावर दादानं आपला डावा खांदा चाचपून बघितला. मग म्हणाला, "तू चुकला होतास?"

"हो. मागचे दोन्ही उलटे लावले होते. सुरुवातीपासून."

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"तुझं ठीक आहे. माझंच नाही."

"गाढवा!" दादा ओरडला. "अरे गाढवा! सहा महिने मी वेडा झालो म्हणून रात्र रात्र जागा आहे!" आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या त्या न बघणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सोफेवाला शाळेत नापास झाला तेव्हाही दादानं त्याला एवढ्या प्रेमानं गाढव म्हटलं नव्हतं. बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

दादानं डोळे पुसले. ताठ बसला. किती दिवसांनी त्याचे खांदे असे ड्रायव्हरसारखे झाले होते. म्हणाला, "चला. फार मोठं ओझं उतरलं. आता सोमवारी अगदी बिनघोर जातो. कान शाबूत आहेत, काठी काय, चुटकीसरशी शिकेन."

सोफेवाला बघतच राहिला. वायरी बदलल्या की सगळं बदलेल असं त्याला वाटलं होतं. तो म्हणाला, "दादा, अजून दोन स्पीकर लावता येतात. छताला. पाऊस वरून पडल्यासारखा वाटतो. काका म्हणाले, जुने मिळतील, चार-पाच महिन्यांत मी..."

"अहो!" बायको कडाडली. "छत राहू दे! स्पीकर बोलणार नाहीत तुमच्यासाठी. तोंडानं बोला!"

सोफेवाला सोफ्यासमोर जमिनीवर बसला. दादाचे गुडघे त्याच्या तोंडासमोर होते. त्यानं त्यांवर हात ठेवले, सुईनं खरखरीत झालेले दोन्ही हात.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "मला तू घरात हवास. लहानपणापासून हवास. मला बोलता येत नाही, दादा. पण तू जाऊ नकोस."

दादाचा हात हवेत चाचपडला आणि बरोबर त्याच्या डोक्यावर येऊन टेकला.

"मला वाटायचं, माझा नंबर लागेपर्यंत वेळ जावा म्हणून तू हे डबे करतोयस," दादा म्हणाला. "मी गेलो की तुमची जागा मोकळी होईल, म्हणून मीही गप्प. छोटी म्हणायची ना, चालायला जागा नाही, पाय अडकतो."

"भाऊजी!" बायको रडत रडत भांडायलाच उठली. "मी त्या डब्यांना म्हणत होते! तुम्हाला कशाला म्हणेन? तुम्ही मागच्या खोलीत जेवता तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही!"

"अरे बापरे," दादा म्हणाला. "मग हे मला कुणी सांगायचं?"

बायकोनं चहा टाकला. चहा पिता पिता दादानं पत्र पुन्हा वाचून घेतलं आणि ठरवलं, महिनाभर काठीचं शिक्षण घ्यायचं, कायमची खोली मात्र यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. "काठी मला हवीच आहे," तो म्हणाला. "परत आलो की बाजारात एकटा जाईन. तुझ्या त्या काकांना भेटेन, त्यांनी तुला काय काय खपवलं ते बघतो. बरोबर एक महिना. मग न्यायला ये."

सोफेवाल्यानं पिशवी घेतली आणि राहिलेला पट्टा शिवायला बसला. चार टाके घातले. पुन्हा थांबला.

"महिना तीस दिवसांचा धरायचा का एकतीस?" त्यानं विचारलं.

दादानं कप खाली ठेवला, आवाजाच्या दिशेनं अगदी अचूक तोंड वळवलं आणि म्हणाला, "तू फेब्रुवारी धर."